हिरवं होतं तोवर

४ मे

तुझ्या आईने तुझं झाड मारलं. हे आधी, आशीर्वाद मागून.

ती बहिणीच्या आजारपणात महिनाभर तिकडे गेली, तेव्हा तुझं ते तार बांधून वळवलेलं बोन्साय, ते ज्युनिपर, मी गच्चीतून घरात घेतलं. माझ्या उशाशी, पंख्याखाली. दोन्ही वेळा पाणी. हिरवंगार होतं. ही आली आणि उचलून परत गच्चीत ठेवलं. पंधरा दिवसांत त्याचा खराटा झाला. शेजारच्या शिंपिणीदेखत मी सुनावलं, लेकाची मेहनत उन्हात भाजलीस म्हणून. गप्प राहिली. चोराला तोंड कुठलं? तेव्हापासून एकाही कुंडीला हात लावत नाही.

चि. नातवास अनेक आशीर्वाद. लोभ असो, नसो, जेवत जा.

आजी

११ मे

ती. आजीस सा. न. वि. वि.

झाडापेक्षा आईचं वाईट वाटलं. अगं, ज्युनिपर मेल्यावरही महिना-दीड महिना हिरवंच दिसतं. त्याला बाहेरची हवा, सकाळचं ऊन, दुपारची सावली लागते. माती सुकत आली की मगच पाणी. आई आली तेव्हाच ते गेलेलं असणार. उपटून मुळं बघ. घट्ट असली तर मी खोटा. काळी, लिबलिबीत असली तर मला लिहूच नकोस, आईशी बोल. त्याची रुजवलेली काडी गच्चीत आहे, ती आईकडेच राहू दे.

लोभ आहे, रागावून तो कमी करू नये.

तुझा बोक्या

१६ मे

सूनबाईस आशीर्वाद.

एका घरात राहून पत्र लिहिते, हसू नकोस. बोलायला गेले की माझं तोंड भांडणाकडेच वळतं.

मुळं पाहिली. काळी. मी मढं उशाशी घेऊन झोपले आणि खून तुझ्या माथी मारला. आता आठवतं, आल्याआल्या तू मातीत बोट घातलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि काही न बोलता कुंडी उचललीस. तुला तेव्हाच कळलं होतं. मला झाकलंस, आणि मी तुला चोर म्हटलं.

शिंपिणीला सगळं सांगून आले. ती म्हणाली, जाऊ द्या आजी, झाडच ते. मी म्हटलं, बाई, मी झाडाचं बोलतच नाहीये. मान वर होईना; तिच्या मशीनखालच्या चिंध्यांकडे बघत होते.

आता ती काडी टोकाला मलूल दिसतेय. मीही मातीत बोट घातलं. मला काही कळलं नाही. आज पाणी घालू की नको?

उत्तर तूच द्यायचंस, आणि तोंडाने. तुझ्या नवऱ्याकरवी निरोप आला तर मी घेणार नाही.

सासू