इनआमची अकरा अंडी

२६ मे
शोकबैठकीचे तीन दिवस संपले. भाड्याच्या खुर्च्या गेल्या, बिनसाखरेच्या कॉफीचा वास मात्र पडद्यांत राहिला. आजपासून दिनक्रम पूर्ववत.

एक प्रश्न शिल्लक आहे. माझी पत्नी इनआम शाळेत जीवशास्त्र शिकवीत असे आणि घरात साप पाळीत असे. केशरी, बिनविषारी, अमेरिकन जातीची मादी. तिने घातलेली अकरा अंडी इनआमने मृत्यूच्या तीन दिवस आधी स्वयंपाकघरातील विजेच्या गरम पेटीत ठेवली. मला सापांची किळस आहे. तीस वर्षे मी ती योग्य शब्दांत व्यक्त करीत आलो.

निर्णय: अंडी उबवावीत, पिल्ले तिच्या शाळेला तिच्या नावे द्यावीत, मादीही द्यावी, आणि हे प्रकरण बंद करावे. भावनेचा येथे संबंध नाही.

२७ मे, सकाळी ७
पेटी उघडली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. यांना अंडी म्हणणे हा कोंबडीचा अपमान आहे. कवच टणक नाही, बोटाखाली दबते. हात तीनदा धुतले.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीची एक फुली आहे. अर्थ मला तत्काळ कळला. माझ्या आजोबांची तांता शहराबाहेर अंडी उबवण्याची भट्टी होती. हजारो अंडी, एकही तापमापक नाही. अंडे पापणीला लावून ते उष्णता सांगत. अंड्याच्या एका बाजूस फुली, दुसरीस गोल, म्हणजे उलटवताना चूक होत नसे. इनआमने फुल्या केल्या आणि गोल राहून गेले. तिची बरीच कामे अशी अर्धवट राहत. मी शाईने गोल काढले. चिकटलेली अंडी सुरीने सुटी केली.

अकरावे मात्र कोपऱ्यात पेटीच्या भिंतीला चिकटले आहे. पिवळट, एका बाजूने आत दबलेले. त्याला मी हात लावणार नाही.

शेजारी तिची वही होती. तिरपे अक्षर, लोणच्याचे डाग. तीस वर्षे शाळा तपासलेल्या माणसास मार्गदर्शनाची गरज नाही. वही खणात ठेवली.

३ जून
सकाळी सात, दुपारी एक, सायंकाळी सात: दहा अंडी उलटवली. पापणीची चाचणीही सुरू केली. थंड, ओलसर, आत काही सरकल्याचा भास. नाश्ता वाया गेला. पेटीचे तापमान अठ्ठावीस. कोंबडीस दहा अंश अधिक लागते. पेटीची बटणे माझे ऐकत नाहीत. नाइलाजाने तसेच ठेवले.

इनआमची थोरली बहीण ज़ैनात भाताच्या पानगुंडाळ्या घेऊन आली. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "वजीह, डोळ्याला शाई लागलीय तुझ्या."

मी कारण स्पष्ट केले. तिचे म्हणणे असे पडले की घरातले माणूस गेल्यावर लोक कबरीवर जातात, सापाची सुईण होत नाहीत. साप पकडणाऱ्या रिफाई फकिराला बोलावते, म्हणाली. मी नम्रपणे नकार दिला. पानगुंडाळ्या खाल्ल्या नाहीत. आकार अंड्यांसारखा होता.

१२ जून
मादीच्या जेवणाचा दिवस. फ्रीजरमध्ये मुलूखियाच्या भाजीशेजारी मेलेले उंदीर आहेत. एक कोमट पाण्यात ठेवून चिमट्याने दिला. तिने तो डोक्याकडून गिळला. शेपूट बराच वेळ बाहेर होते. दुपारचे जेवण रद्द.

बिल्डिंगचा दरवान गाबिर आता माझ्या दारापर्यंत न येता दुसऱ्या मजल्यावरच भाकऱ्या ठेवतो. वास येतो, अशी त्याची तक्रार. गटाराचा असावा, असे मी सांगितले.

२० जून
दोन अंड्यांवर हिरवी लव. बुरशी हे ओलाव्याचे लक्षण, आणि ओलावा जीवनाचे. प्रगती समाधानकारक. तरीही दक्षता म्हणून आता पाच वेळा उलटवीन.

१ जुलै
चाळिसावा दिवस. कुराणपठण झाले. मुख्याध्यापिका आल्या होत्या. पंचवीस जुलैला अकरा पिल्ले शाळेत पोहोचतील, असे मी सर्वांसमक्ष जाहीर केले. इनआमच्या नावाची पितळी पाटीही करावयास दिली आहे.

ज़ैनातने स्वयंपाकघरात गाठून विचारले, "एकदा तरी रडलास का रे?"

एक वाजला होता. अंडी उलटवायची होती.

९ जुलै
पाच अंडी खचली. त्यांतून निघालेल्या द्रवाचे वर्णन करणार नाही. रंग चहासारखा, वास आंबवून खारवलेल्या फेसीख माशासारखा, आणि तो अजून माझ्या बाहीला आहे. दोष मादीचा. किंवा पेटी विकणाऱ्याचा. पाटीवर 'अकरा' ऐवजी 'काही' कोरण्यास कळवले.

१५ जुलै
नंतरची चार गेली, आज दहावेही गेले. खात्रीसाठी कात्रीने उघडले. आत पूर्ण वाढलेले पिल्लू होते. केशरी. डोळे होते.

दहा अंडी वर्तमानपत्रात बांधून खाली नेली. गाबिरने नाक धरले नाही. पुडके माझ्या हातातून घेतले आणि म्हणाला, "द्या उस्ताज, मी टाकतो. बाईंची होती ना."

अकरावे टाकणे बाकी आहे. त्याला हात लावणे अशक्य.

१९ जुलै
सकाळी ८: अकराव्या अंड्याला चीर. चिरेतून नाक. किळसवाणे.
११: अजून नाक.
दुपारी ४: डोके बाहेर. मी उठलो नाही. कोणीतरी नोंद ठेवणे भाग होते.

नोंद तिच्याच वहीत असावी म्हणून खण उघडला. शेवटचे पान तिच्या शेवटच्या सकाळचे आहे:

"फुली कायम वर. अंडी अजिबात उलटवायची नाहीत, आतला जीव बुडतो. वजीहला सांगायचं. आधी त्याच्या आजोबांची भट्टी शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, मग सांगायचं."

त्या सकाळी ती म्हणाली होती, "बस जरा, एक सांगायचंय." एक काय, ते वाक्यात नव्हते. मी ते निदर्शनास आणून वर्तमानपत्र आणावयास गेलो. परतलो तेव्हा ती जमिनीवर होती.

२० जुलै, सकाळी ७
उलटवण्यास काही नाही.

पिल्लू बाहेर आले आहे. पेन्सिलीएवढे. मुख्याध्यापिकांना फोन करून कार्यक्रम रद्द केला. ज़ैनात रिफाईचा नंबर घेऊन आली. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लू हलवता येत नाही, असे मी तिला वहीतून वाचून दाखवले. त्यानंतर तीन वेळा जेवेपर्यंतही नाही. मिशमिशला, म्हणजे मादीला, एकटे पाठवणे योग्य होणार नाही. ज़ैनात म्हणाली, "म्हणजे राहणार." तात्पुरते, असे मी सांगितले.

ती गेल्यावर पेटीसमोर खुर्ची ठेवून पिल्लास आजोबांच्या भट्टीची हकीकत सांगावयास घेतली. पापणीच्या चाचणीपर्यंत आलो असताना ते ओल्या शेवाळाखाली निघून गेले.