पडून असतात, असं मीच सांगितलं

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यावर नर्सिंग एजन्सीकडून मागवलेले तुमचे कागद काल आले. पहिल्याच पानावर लिहिलंय: 'बेडबाउंड. माहिती मुलीकडून.' म्हणून लिहायला बसले.

तारीख पाहून मी डायरी काढली. आदल्या दिवशी, रविवारी, माझ्याच अक्षरात आहे: 'बाबा वॉकर घेऊन दोनदा खिडकीपर्यंत गेले. मागच्या अंगणात हरणं. खूश.' मग सोमवारी तुम्ही अंथरुणाला खिळलात कसे?

त्या रविवारी नागपूरहून काकांचा फोन आला होता, आठवतं? "हिंडता-फिरता आहे तोवर पाठव दादाला इकडे." दर रविवारी तेच! मी म्हणाले, "काका, ते आता पडूनच असतात. कसला प्रवास करतायत?" तुम्ही आतून ओरडलात, "मला पार झोपवूनच टाकलंस की गं!" मी हसले. तुम्ही हसलात का? ते डायरीत नाही.

सोमवारी नर्सचा फोन आला. मी दोन मीटिंगच्या मधे. ते उठतात का, तिनं विचारलं. कालचं उत्तर तोंडात तयारच होतं. खरंच घाई होती, की काकांना सांगितलेलं मला कागदावर पक्कं करून हवं होतं? माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही.

कागदावर 'बेडबाउंड' पडलं, आणि त्या आठवड्यापासून चालायचा व्यायाम घेणारी मारिया यायची बंद झाली. "का गं येत नाही ती?" तुम्ही दोनदा विचारलंत. मी म्हणाले, "इन्शुरन्सचं काहीतरी असेल." त्यानंतर तुम्ही वॉकर मागितलाच नाहीत. कळलं होतं तुम्हाला? मग भांडला का नाहीत? एरवी आमटीत मीठ कमी पडलं तरी भांडायचात!

डॉक्टर म्हणतात, आजार वाढतच होता, फरक पडला नसता. फार पटकन म्हणतात. मला संशय येतो.

तुम्ही इथे अमेरिकेत, शॉमबर्गला, माझ्याजवळ राहावं एवढंच मला हवं होतं. तुम्हाला काय हवं होतं? पडून आहेत, उठवत नाही, अंथरूण धरलंय. तुमच्याबद्दल इतकं बोलले, आणि हा एक प्रश्न तुम्हाला विचारला नाही.

काका अजून म्हणतात, "दादाला उठताच येत नव्हतं, पोरगी तरी काय करणार बिचारी!" या रविवारी मी त्यांना सांगणार आहे: त्या दिवशी बाबा चालत होते. मी खोटं बोलले. मग ते जे बोलतील ते फोन न ठेवता ऐकेन.

तुमची,
नीलू