राजवीरांना मी घडवतो

२ मार्च
केबलवाला रफिक सकाळीच ऑफिसात आला. म्हणाला, "सोमेशदादा, झुंजार टीव्ही कोण बघत न्हाय. महिनाअखेरीस तुमच्या जागी भजनाचं चॅनल लावतो." किळस आली. आठच्या बातम्या मी स्वतः वाचतो. दोष कोल्हापूरच्या टेस्टचा.

५ मार्च
निर्णय पक्का. मुंबईच्या राजवीर जहागीरदारांना आणायचं. टीव्ही डिबेटमध्ये पाहुण्यांवर ओरडणारे ते. घराघरात माहीत. मोठ्या चॅनलनं नुकतंच काढलंय, म्हणून तयार झाले. चॅनलचा हिशेब बघणाऱ्या बायकोनं, शिवलीलानं विचारलं, मग आठच्या बातम्या कोण वाचणार? म्हटलं, आधी माझ्याकडे शिकू देत, मग बघू. ती हसून आत गेली. पटलं असावं.

१२ मार्च
राजवीर आले. शिवाजी पेठेत सेल्फीला गर्दी. एकानं माझ्या हातात मोबाईल दिला. "पावणं, आमचा फोटो काढा की." मी रोज टीव्हीवर असतो. राजवीरांनी मेकअप रूम विचारली. बाथरूम दाखवलं. तांबड्या रश्शाला चमचा मागितला. शिसारी आली.

१३ मार्च, रात्री ९
पहिली डिबेट, भटकी कुत्री. एक्स्पर्ट आलेच नाहीत. मागच्या गल्लीतल्या तानाबाई तेवढ्या आल्या. राजवीर त्यांच्यावरच ओरडले. त्या म्हणाल्या, "लेकरा, ऐकू येतंय मला. हळू बोल की." राजवीरांनी आवाज खाली आणला. तेही लाइव्ह. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, सांगा आजी. त्या सांगत बसल्या. नातवाला कुत्रं चावलंय, आता पोर उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. राजवीरांनी डोळे पुसले. मी कॅमेऱ्यामागून 'ओरडा, ओरडा' अशा खुणा करतोय. बघितलंसुद्धा नाही. घाण वाटली.

२० मार्च
रोज तेच. कुणी हुपरीचा पैंजण घडवणारा, कुणी मलकापूरची नर्स. ते बोलतात, राजवीर मान हलवतात. ह्याला पत्रकारिता म्हणायचं? प्रेक्षकांचे फोन थांबत नाहीत. रफिक म्हणाला, चॅनल ऱ्हाऊ दे. माझ्या गायडन्सचं फळ. पण लोकांची आवड बघून किळस येते.

२८ मार्च
शिवलीला आणि राजवीरांची मीटिंग. मला चहा सांगायला पाठवलं. परत आलो तर सगळं ठरलेलं. आठ वाजता राजवीर. मला निधनवार्ता, सायंकाळी. शिवलीला म्हणाली, तुमचा आवाज त्यालाच शोभतो. आधी संताप आला. मग विचार केला, सीरियस सेगमेंट आहे. तिथे राजवीरांचं काम नाही.

२ एप्रिल
माझं पहिलं बुलेटिन. खणखणीत वाचलं. तासाभरानं स्टुडिओत फोन. म्हटलं, आला माझा प्रेक्षक. शिवाजी पेठेतले जोतीराम. म्हणाले, "मी जित्ता हाय. गेला त्यो माझा चुलतभाऊ." सॉरी म्हटलं. विचारलं, बाकी वाचन कसं झालं?
म्हणाले, "मी कुठं बघितलंय? लोक हार घेऊन दारात उभं हायत, त्यांनी सांगितलं."
राजवीरांनी माझ्या हातून फोन घेतला. हळू आवाजात म्हणाले, काका, उद्या आठला या, निवांत बोलू.
जोतीराम येणार आहेत. मला तेवढा वेळ बाहेर थांबायला सांगितलंय.