सांडण म्हणजे ब्लीड

आई, आज पुन्हा तुझ्यामुळे माझं हसं झालं. प्रिंटरला फोनवर सांगत होते, "चारही बाजूंनी सांडण ठेवलीय," तर पलीकडचा विचारतो, "मॅडम, काय सांडलं?" तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझे शब्द माझ्या तोंडातून जात नाहीत. कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून रंग मापाच्या थोडा बाहेर न्यायचा, त्याला सगळं जग ब्लीड म्हणतं. तू सांडण म्हणायचीस. दोन रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत की लोक म्हणतात, रजिस्टर हललं. तू म्हणायचीस, "तिरळं छापलंय." बाबांच्या मागे पेणचा छापखाना तू एकटीने चालवलास, लग्नपत्रिका छापल्यास, हँडबिलं छापलीस, सगळं कबूल. पण धंद्यातले शब्द शिकून घ्यायला काय झालं होतं? विचारलं की तुझं ठरलेलं, "तुला समजलं ना गो? मग झालं तर!"

नाही झालं, आई. नव्वदनंतर छापखान्यांत कॉम्प्युटर आले, मी ते शिकून रोह्याच्या एका प्रेसमध्ये लागले, आणि पहिल्याच महिन्यात औषधाच्या बाटल्यांची लेबलं बिघडवली. हिरवा रंग मी बरोबर मापावर संपवला होता. छापून कापलं, तर लेबलामागून लेबल, कडेला केसाएवढी पांढरी रेघ. मॅनेजर विचारतो, "ब्लीड कुठाय?" मी ताडकन म्हणते, "आमच्या आईने असले शब्द शिकवलेच नाहीत. ती कशालाही काहीही म्हणते." तो म्हणाला, उद्यापासून येऊ नका. घरी येऊन तुलाही मी तेच ऐकवलं, वर रडलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला ओढत एसटीत बसवलंस. मॅनेजरसमोर उभी राहून म्हणालीस, "चूक माझी हाय, साहेब. हिला तुमचे शब्द मी शिकवले नायत." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालेलं, आणि तू निवांत पट्टी मागून लेबल मोजतेयस. "अक्षरं आत हायत. चारी बाजूंनी अर्धं सूत आत कापा, रेघ जाईल." त्याने कंपनीला फोन लावून विचारलं, ते चालेल म्हणाले. माझी नोकरी राहिली. परतताना एसटीत तू सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंस, "पण ब्लीड म्हंजे रक्त ना गो? कागदाला कसलं रक्त?" मी नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

तो राग अजून गेलेला नाही. कोणी सांगितलं होतं तुला सगळं आपल्या अंगावर घ्यायला? एकदा, निदान एकदा, मला विचारायचंस तरी, की नेमकं झालं काय. तू कधीच विचारलं नाहीस आणि मग मीही कधी बोलले नाही. आता तू वाचणार नाहीस, म्हणूनच हे लिहिता येतंय. ब्लीड म्हणजे काय आणि ते किती ठेवायचं, हे शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी कागदावर काढून दाखवलं होतं. मला पक्कं समजलंही होतं. त्या लेबलांना ठेवायला मी विसरले, एवढंच.