भिंतीवरची काच

अहो,

चिठ्ठी मुद्दाम फाटकाला बाहेरून बांधली आहे. घरात पाऊल टाकू नका, चार्जर आणायलासुद्धा नाही.

स्वयंपाकघरातल्या तड्यावर तुम्ही काचेची पट्टी चिकटवलीत तेव्हा म्हणाला होतात, "काच फुटली तरच डोंगर सरकतोय समजायचं. तोवर खुशाल झोपा." आज दुपारी एवढ्या पावसातही ती फुटल्याचा आवाज आला. मागचं दार चौकटीत अडकलं, उघडेचना.

आईंना आणि छकुलीला घेऊन पलीकडच्या टेकडीवरच्या शाळेत जाते आहे. फोन लागत नाहीत. नाल्याकडून येऊ नका, वरच्या रस्त्याने या.

आईंच्या गोळ्या शोधताना तुमच्या थापी-ओळंब्याच्या पिशवीत कागदात गुंडाळलेल्या तीन फुटक्या पट्ट्या सापडल्या. प्रत्येकीवर तुमच्याच अक्षरात तारीख. पहिली गेल्या महिन्यातली. म्हणजे फुटली की तुम्ही गुपचूप नवी लावत होतात, आणि आम्हाला खुशाल झोपा म्हणत होतात! गवंडी ना तुम्ही? दुसऱ्याच्या घरात असं केलं असतंत?

आईंना यातलं काही सांगितलेलं नाही. ते तुम्हीच त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे. तेवढ्यासाठी तरी या.