जुना ड्रॅगन, नवा ड्रॅगन

३ फेब्रुवारी १९९१, रविवार
विजयकुमारकडे, सेक्टर ६. त्याच्या मामाने अमेरिकेहून एका खेळाची दोन पुस्तके आणली आहेत. एक जुनी आवृत्ती, एक नवी. राक्षस, जादूगार, ड्रॅगन. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी फासे टाकून त्यात लढायचे. खेळणारे विजयकुमार, त्याची बहीण साधना, शेजारचे दोघे भाऊ आणि मी. विजयकुमार म्हणाला, दोनों किताबें ले जा, नियम पढ़ के आ, सतरा तारखेला गेम तूच चालव. ते सगळे कॉलेजात आहेत, तरी मलाच सांगितले. माणसाची पारख लागते.

४ फेब्रुवारी
संकल्प : रोज वीस पाने. दहावीला इंग्रजीतच राहिलो होतो, पण शब्दकोश आहे. आई म्हणाली, एवढं ओझं कायले आणलं, तुले वाचता तरी येते का?

६ फेब्रुवारी
दीड पान. फार थकवा. आधी चित्रांची तुलना करावी, मग नियम आपोआप समजतील. जुना ड्रॅगन घाईत काढलेला : डाव्या पायाला तीन नखे, उजव्याला चार. नवा रंगीत, दोन्हींना चार. हे तर माझेच काम. ठेकेदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर, नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवतो. ड्रॉइंगचे नवे रिव्हिजन आले की बदललेल्या जागेभोवती शाईने ढगाच्या आकाराचे कडे काढायचे, क्रमांक द्यायचा.

९ फेब्रुवारी
बासष्ट बदल. जुन्या पुस्तकात बासष्ट लाल ढग काढले, क्रमांकासह. तक्ताही केला. जुनी जादूगारीण जवळजवळ उघडी, नवीला पूर्ण बाह्या. नेमके जुनीचे पान उघडे असताना आई आली. म्हणाली, असं इंग्रजी शिकून राहिला काय तू!

१२ फेब्रुवारी
विजयकुमार रस्त्यात भेटला. किताबें संभाल के रखना, मामाला परत द्यायची आहेत, म्हणाला. ढग तर शाईचे. पण काळजी नाही. ट्रेसिंगवरची शाई आम्ही ब्लेडने खरवडतो, खूणही राहत नाही.

१३ फेब्रुवारी, सायं. ७
ट्रेसिंगचा कागद वेगळा, पुस्तकाचा वेगळा. जुन्या ड्रॅगनचे डोके गेले. सुपारीएवढे भोक, आरपार. उरलेले एकसष्ट ढग राहू दिले. नीटनेटके आहेत.

१५ फेब्रुवारी
आज नियम वाचणार होतो. ताप वाटला. थर्मामीटरमध्ये आला नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार
तक्ता वाचून सुरुवात केली. अकराव्या बदलाला शेजारचा धाकटा म्हणाला, भैया, लड़ाई कब है? म्हणून थेट ड्रॅगनच आणला. साधनाने विचारले, याला मारायला फाशावर किती पडायला हवेत? जुने पान काढले. आकडा चित्राच्या पाठीमागे छापलेला, म्हणजे भोकात गेलेला. साधनाने भोकातून माझ्याकडे पाहिले. विजयकुमार म्हणाला, तूने तो दोनों मिलाई हैं ना, नव्यात बघ. मी म्हणालो, चित्रे ताडून पाहिली, आकडे नाही. नव्यातून आकडा काढायला साधनाला एक मिनिट लागले. तोवर विजयकुमार जुने पुस्तक चाळू लागला होता. एकेक ढग. ओरडला नाही. मामाला काय सांगू, एवढेच म्हणाला.
चहा दिला. निघताना म्हणाला, पुढच्या रविवारपासून आम्ही कॅरम खेळू.
कॅरमला चौघे लागतात. ते चौघे आहेतच.