दौलतरावांची सही

९ जानेवारी १९६२, अमरावती
अकोल्याहून माझी सह्यांची वही परत आली. अ.सा.नी, म्हणजे अण्णासाहेबांनी, सगळ्या सह्या पास केल्या, एक सोडून. दौलतरावांची. त्या पानाला त्यांची गुलाबी चिठ्ठी: ‘नमुन्याशी जुळत नाही. बनावट.’ खाली शिक्का.

बनावट! माझ्या डोळ्यांदेखत केलेली सही. लहानपणी अकोल्याला दौलतरावांचं नाटक संपल्यावर बाबा मला रंगपटात घेऊन गेले होते. पत्र्याच्या ट्रंकेवर वही टेकवून त्यांनी सही केली, तोंडाला अर्धा रंग तसाच. वर बाबांना म्हणाले, ‘पोरगी मोठी धीट हाये तुमची.’ मग हे काय मी स्वप्नात पाहिलं?

पण बाबा आता नाहीत. आणि अ.सा. कोर्टात सह्या तपासून तपासून म्हातारे झालेले. त्यांची चिठ्ठी असल्याशिवाय आमच्या स्वाक्षरी मंडळाच्या प्रदर्शनात पान लागत नाही. नियम मीच सुचवला होता. घ्या आता.

१२ जाने.
मंडळाची बैठक, शाळेतच. अध्यक्ष आमच्या मोठ्या बाई. जूनमध्ये त्या निवृत्त होणार, मुख्याध्यापिकेची खुर्ची माझ्याकडे येणार असं सगळे धरून चालले आहेत. होते.

अ.सा.ची गुलाबी चिठ्ठी हातोहात फिरली. निघताना बाईंनी थांबवून घेतलं. “वत्सला, ते पान काढून टाक. विषय संपव.”
म्हटलं, काढलं तर ती सही मीच केली होती असं होईल.
“आणि ठेवलंस तर? जूनपासून मुलींच्या दाखल्यांवर तुझी सही असणार. लोकांना बोलायला काय लागतं?”
घरी येईपर्यंत कानशिलं तापलेली.

१५ जाने.
हे म्हणाले, “एक पान ते काय! काहून जिवाले घोर लावून घेऊन राहिली?”
मी म्हटलं, तुमच्या पुलाच्या कामाला उद्या कुणी खोटं म्हटलं तर? रागाच्या भरात भाजीत तिखट दोनदा पडलं. मुकाट्यानं खाल्लं बिचाऱ्यांनी.

आज स्टाफरूममध्ये शिरले तर बोलणं थांबलं. की मलाच तसं वाटलं? आता सगळंच तसं वाटतं.

२१ जाने., रविवार
बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोला. अ.सा. उर्मट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पाट दिला, चहा दिला. मग काच, काचेखाली दिवा, हातात भिंग.

त्यांचे नमुने म्हणजे दौलतरावांचे सही केलेले फोटो. पूर्वी लोक पोस्टानं मागवत, तसेच यांनीही मागवलेले. सगळ्या सह्या एका हाताच्या. गोल, सुबक ‘द’, खालची रेघ शांत. आणि माझी? वाकडी, घाईची, ‘द’चं पोट फाटलेलं. मी भिंगातून नीट पाहिलं. हात वेगळा आहे. शंकाच नाही. क्षणभर माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही.

“तुम्ही लहान होता,” ते म्हणाले. “गर्दीत कुणी शिष्यानं करून दिली असेल.”
“तुमचे नमुने त्यांनी तुमच्यासमोर केले?”
“नाही. पण पाकीट त्यांच्या घरून आलं ना, बाई.”
“पाकीट घरून आलं, तेवढ्यावरून?”
त्यांनी भिंग खाली ठेवलं. नमुन्यांतला एक फोटो काढून मला दिला. “दौलतराव दर्यापूरला असतात, तिथे जा. दोन्ही त्यांच्यापुढे ठेवा. ते काय म्हणतात ते मला येऊन सांगा, मी मानीन.”

माझ्यावरच सोपवलं. ज्या बाईला खोटी ठरवलं, तिच्याच शब्दावर.

२८ जाने., रविवार
दर्यापूर. मोटारीतून उतरून सरळ घर विचारत गेले.

दौलतराव खाटेवर, भिंतीला टेकून. अंगावरून वारं गेलंय. उजवा हात उशीवर ठेवलेला, ठेवला तसाच पडून. बोलणं तुटक. नजर मात्र लख्ख. सून जवळ बसून वरणभात भरवत होती. स्टेजवर हा माणूस आला की थेटर शांत व्हायचं. मला रडूच आलं.

सुनेनं फोटो पाहिला आणि हसली. “अवं, हे तं आमच्या सासूबाईची सही हाये! दादाले सह्या करायचा लय कंटाळा. पोस्टानं फोटो आले का त्या घेऊन बसत. सगळ्या त्यायच्याच हातच्या.”
सासूबाईंना जाऊन दिवाळीत वर्ष झालं.

म्हणजे अ.सा.चे सगळे नमुनेच खोटे! खऱ्या सहीला ते खोट्या सह्यांशी ताडून पाहत होते. उठून नाचावंसं वाटलं. म्हटलं, आता फक्त दौलतरावांच्या तोंडून एकदा ऐकायचं.

दोन्ही त्यांच्यापुढे धरलं. माझी वही आणि तो फोटो. विचारलं, “दादा, यातली तुमची कोणती?”

पुष्कळ वेळ पाहत राहिले. वहीवरून नजर गेली तेव्हा ओठ हलले, ओळखलं असं मला वाटलं. मग डावा हात उचलला, फोटोवरच्या सहीवर ठेवला. अक्षरांवरून बोट फिरवलं. “हे... हे माही.” परत एकदा, स्पष्ट. “हे माही.”
आणि डोळे भरून आले. फोटो सोडेनात.

सून दारापर्यंत आली. आता हसत नव्हती. “बाई, मी बोलून गेली. कोनाले सांगू नका. लोकायनं फोटो देवाजवळ ठेवले हायेत. अन् यायले कळलं का तिची सही खोटी म्हनून राहिले लोक...”
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. फोटो त्यांच्याकडेच राहिला.

३१ जाने.
झोप नाही. सांगावं तर ते घर दुखावतं. न सांगावं तर मी खोटी.
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, “तुयं काही चुकलंच नाही, तं तू काहून सोसतं?” बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. आणि तरी.

४ फेब्रु., रविवार
प्रदर्शन. अ.सा. मुद्दाम अकोल्याहून आलेले. सगळ्यांसमोर, मोठ्या बाई शेजारी, त्यांनी विचारलं, “गेला होता ना? काय म्हणाले दौलतराव?”

दुसरं काही सांगता आलं असतं. दर्यापूरला आमचं बोलणं ऐकायला कोण होतं!
म्हटलं, “त्यांनी तुमच्या फोटोवर हात ठेवला. ही माझी म्हणाले.”

कुणीतरी सुस्कारा सोडला. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, पुढच्या टेबलाकडे वळल्या. जूनचं काय ते मला तिथेच कळलं. मी पान काढलं, घडी घातली. मला स्वतःचाच संताप येत होता.

अ.सा. मात्र हलले नाहीत. हळूच म्हणाले, “बाई, हे तुम्ही का सांगितलंत? खोटं सांगितलं असतंत तरी माझ्याकडे पडताळा घ्यायला दुसरं काहीच नव्हतं.”
मी पान पिशवीत टाकलं. त्यांनी विचारलं,
“त्या फोटोंवर त्यांनी स्वतःच सही केली होती ना?”
म्हटलं, नंतर बोलू. अ.सा. इथे पुतणीकडे उतरलेत. परवा येतो म्हणाले.

६ फेब्रु.
आलेत. ओसरीवर बसलेत, ह्यांच्याशी कापसावर बोलताहेत. मी चहाचं निमित्त करून आत आले आणि हे लिहीत बसले.

त्यांनी काच आणि भिंग बरोबर आणलंय. इतक्या वर्षांत दिलेल्या चिठ्ठ्या परत मागवाव्या लागतील का, असं ह्यांना विचारत होते. आवाज पार उतरला आहे. म्हणजे त्यांना जवळजवळ कळलंय. माझ्या एका शब्दाचं काम आहे.

मला खरी म्हणवून घ्यायचंय. फार. इतकं मला आजवर काहीच नको होतं. आणि डोळे मिटले की ते बोट दिसतं, बायकोच्या अक्षरांवरून फिरणारं.

चहा उतू गेला. ह्यांनी हाक मारली. जाते.